‘पुन्हा’ची मोजणी

पोलिसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवलेला रिमांडचा अर्ज ज्यांनी कधी वाचला आहे, त्यांना त्याच्या शेवटच्या परिच्छेदातलं एक वाक्य पाठ असतं. ‘सदर आरोपी हा सराईत गुन्हेगार असून त्याच्याविरुद्ध यापूर्वी पुढीलप्रमाणे गुन्हे दाखल आहेत.’ त्याखाली यादी येते : पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कलम. कधी तीन ओळी, कधी अकरा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात विनामूल्य विधी सेवेच्या पॅनेलवर मी वकिली सुरू केली, तेव्हा ही यादी दिसली की माझ्याच मनात अर्धा निकाल लागलेला असे. समोर उभ्या माणसाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागे. त्या यादीत एक रकाना नाही, हे लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. कोणता, ते शेवटी सांगेन. आधी या संग्रहाचा विषय नीट मांडायला हवा.

एकदा शिक्षा झालेल्या माणसानं पुन्हा गुन्हा केला, तर त्याला पहिल्यापेक्षा जास्त शिक्षा द्यावी का? द्यायची तर किती आणि का? हे दोन प्रश्न साधे दिसतात आणि पारावर विचारले तर उत्तरही लगेच मिळतं : द्यायलाच हवी. या उत्तराला मी हिणवणार नाही. रोज संध्याकाळी त्याच वळणावर त्याच माणसाकडून छेड काढली जाणारी मुलगी, दर महिन्याला त्याच ‘दादा’ला हप्ता देणारा टपरीवाला, तीनदा घर फुटलेलं म्हातारं जोडपं, या सगळ्यांच्या लेखी ‘पुन्हा’ या शब्दाला वजन आहे आणि ते खरं आहे. ‘एकदा चुकला, समजू शकतो’ असं आपण आपल्या मुलांनाही म्हणतो, दुसऱ्या वेळी म्हणत नाही. फौजदारी कायद्यानं ही समजूत फार पूर्वी उचलली आहे. वेगवेगळ्या काळांत तिचं काय काय झालं, ते या संग्रहाचं क्षेत्र.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यातलं चोरीचं कलम, ३०३, या विषयात नव्यानं शिरणाऱ्यानं आधी वाचावं. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, आरोपीला पहिल्यांदाच शिक्षा होत असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामाजिक सेवेची. तुरुंगाचं तोंड पाहायला नको. त्याच पोटकलमात असंही म्हटलं आहे, की दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर दोष सिद्ध झाला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, जी पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. एकाच कलमात दया आणि सक्ती शेजारी बसली आहेत आणि दोघींच्या मधली भिंत ‘पहिल्यांदा’ या एका शब्दाची आहे. पाठलाग करण्याच्या गुन्ह्यातही असंच : पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत, पुढच्याला पाच. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यालाही मोटार वाहन कायदा पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा सांगतो, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत. म्हणजे हा प्रश्न फक्त ‘अट्टल’ म्हणवल्या जाणाऱ्यांचा नाही. शनिवारी रात्री घरी परतणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थाचाही आहे.

शिक्षा वाढवावी असं म्हणणारे सगळे एका कारणानं तसं म्हणत नाहीत. कारणं वेगळी असली की मर्यादाही वेगळ्या येतात, म्हणून इथे घराणी ओळखून घ्यावी लागतात.

पहिलं घराणं पात्रतेचं. माणसाला त्याच्या कृत्याच्या प्रमाणात शिक्षा व्हावी, कमी नाही आणि जास्तही नाही, असं ते मानतं. या घराण्याला ‘पुन्हा’चं कोडं फार छळतं. आज चोरलेल्या सायकलची किंमत काल चोरलेल्या सायकलमुळे वाढत नाही, आणि कालच्या चोरीची शिक्षा तर भोगून झाली. मग जास्त कशाची द्यायची? अमेरिकी विधिज्ञ जॉर्ज फ्लेचर यांनी याच कारणानं वाढीव शिक्षेला विरोध केला. अँड्र्यू फॉन हर्श यांनी मधली वाट सुचवली : पहिल्या वेळी माणूस म्हणून पाय घसरला असं समजून थोडी सूट द्यावी, पुढे ती सूट हळूहळू काढून घ्यावी. पूर्ण सूट संपली की शिक्षा गुन्ह्याच्या मापाची होते, त्यापुढे वाढत नाही. मला स्वतःला ही मांडणी आपल्या घरगुती समजुतीच्या सगळ्यांत जवळची वाटते, कारण आपणही दुसऱ्या वेळी माफी काढून घेतो, सूड वाढवत नेत नाही. ज्युलियन रॉबर्ट्स यांनी याच्या पुढे जाऊन वेगळा मुद्दा मांडला, की न्यायालयानं एकदा बजावल्यानंतर जो पुन्हा तेच करतो त्याची दोषार्हताच वाढलेली असते, आणि सर्वसामान्य माणसाची ही भावना कायद्यानं तुच्छ मानू नये.

दुसरं घराणं हिशेबाचं. शिक्षेमुळे पुढचे गुन्हे टळतात का, एवढंच ते पाहतं. इटलीच्या बेकारियानं १७६४ साली लिहिलेल्या छोट्या ग्रंथात सांगितलं होतं, की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची खात्री माणसाला जास्त आवरते. त्यानंतरच्या अडीचशे वर्षांत गोळा झालेला बराचसा पुरावा त्याच दिशेला झुकतो. याच घराण्यात पुढे दुसरी शाखा फुटली, धाक बसो न बसो, माणूस आत असेपर्यंत तरी बाहेर गुन्हा करणार नाही, असं म्हणणारी. तिला बळ मिळालं ते फिलाडेल्फियातल्या एका अभ्यासातून. मार्विन वोल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या नोंदी अठराव्या वर्षापर्यंत तपासल्या आणि १९७२ साली निष्कर्ष छापले. जेमतेम सहा टक्के मुलांच्या, म्हणजे ६२७ जणांच्या नावावर सगळ्या गुन्ह्यांपैकी निम्म्याहून जास्त होते. हा आकडा जगभर फिरला. धोरण आखणाऱ्यांना वाटलं, हे सहा टक्के हुडकून आत ठेवले की काम झालं. दोन गोष्टी मात्र मागे राहिल्या. एक, हे सहा टक्के कोण ते आधी ओळखता येत नाही, मागे वळून पाहतानाच दिसतं. आणि दोन, त्या अभ्यासात मोजलेल्या होत्या पोलिसांच्या दप्तरातल्या नोंदी. न्यायालयानं दिलेल्या शिक्षा मोजलेल्या नव्हत्या. हा दुसरा मुद्दा वाचकानं लक्षात ठेवावा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

तिसऱ्या घराण्याची भाषा वैद्याची. १८७६ साली लोंब्रोसोनं ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडली. कवटीच्या, जबड्याच्या मापावरून गुन्हेगार ओळखता येतो असं त्याचं म्हणणं होतं. ते शास्त्र म्हणून केव्हाच कोसळलं, पण त्यातून निघालेली दृष्टी टिकली : गुन्ह्याऐवजी गुन्हेगाराला शिक्षा द्यायची, आणि तो सुधारण्यासारखा की न सुधारण्यासारखा हे आधी ठरवायचं. फ्रान्सनं १८८५ साली वारंवार गुन्हे करणाऱ्यांना समुद्रापार फ्रेंच गयाना आणि न्यू कॅलेडोनियात धाडण्याचा कायदा केला. इंग्लंडनं १९०८ साली, शिक्षा भोगून झाल्यावर वर पाच ते दहा वर्षं स्थानबद्धता अशी सोय केली. दोनच वर्षांनी गृहमंत्री झालेल्या चर्चिलच्या लक्षात आलं, की धोकादायक माणसांसाठी विणलेल्या या जाळ्यात किरकोळ चोर अडकत आहेत, आणि त्यानं त्याचा वापर आवळला. या क्षेत्राचा इतिहास वाचताना हे पुन्हा पुन्हा भेटतं. कायदा होतो भयंकर माणसाला डोळ्यांसमोर ठेवून, लागू होतो चिल्लर माणसाला.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण यातलं सगळ्यांत गाजलेलं. १९९३ साली तिथे बारा वर्षांच्या एका मुलीचं घरातून अपहरण करून खून झाला. आरोपी आधी अपहरणाची शिक्षा भोगून पॅरोलवर सुटलेला होता. लोकांचा संताप समजण्यासारखाच होता. मार्च १९९४ मध्ये ‘तीन वेळा चुकलात की बाद’ असा, बेसबॉलच्या खेळातून नाव घेतलेला कायदा झाला : आधी दोन गंभीर गुन्हे असतील तर तिसऱ्याला किमान पंचवीस वर्षं ते जन्मठेप. मात्र तिसरा गुन्हा गंभीर असण्याची अट नव्हती. त्यामुळे प्रत्येकी ३९९ डॉलरच्या तीन गोल्फ स्टिक चोरणाऱ्याला पंचवीस वर्षं ते जन्मठेप झाली, आणि सुमारे दीडशे डॉलरच्या व्हिडिओ कॅसेटी उचलणाऱ्याला तशा दोन शिक्षा एकापाठोपाठ एक. २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही शिक्षा पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवल्या. २०१२ साली त्याच राज्याच्या मतदारांनी मतदान करून कायदा सौम्य केला आणि तिसरा गुन्हाही गंभीर असण्याची अट सर्वसाधारणपणे घातली. या कायद्यानं गुन्हे घटले का, यावर संशोधकांत एकमत नाही. फ्रँकलिन झिमरिंग यांच्या गटाला २००१ साली फारसा परिणाम दिसला नाही, तर हेलंड आणि टॅबरॉक यांना २००७ साली दोन गुन्हे नावावर असलेल्यांत अटकेचं प्रमाण ठळकपणे घटलेलं आढळलं. हा दुसरा निष्कर्ष माझ्या मताला सोयीचा नाही, म्हणूनच तो इथे नोंदवणं मला आवश्यक वाटतं. कडक शिक्षेचा काहीच उपयोग होत नाही, असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. काही माणसं आवरतात. किती माणसांच्या आयुष्याच्या बदल्यात, हा हिशेब मात्र मांडावाच लागतो.

आता घरी येऊ. आपल्याकडे या वादाला एक वळण आहे जे कॅलिफोर्नियात किंवा लंडनमध्ये नाही, आणि हा संग्रह मराठीत निघण्याचं तेच कारण आहे.

१८७१ साली ब्रिटिश सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात माणसानं काही करण्याची गरजच उरली नाही, विशिष्ट जमातीत जन्मणं पुरेसं झालं. १९११ च्या सुधारणेनंतर हा कायदा देशभर लागू करता येऊ लागला आणि मुंबई इलाख्यात सोलापूर हे त्याचं मोठं ठाणं बनलं. तारेच्या कुंपणातल्या वसाहती, दिवसाला ठरावीक हजेऱ्या, बाहेर जायला पास, आणि कामाला शहरातल्या कापडगिरण्या. सोलापुरात त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘हजेरी’ हा शब्द शाळेतल्या हजेरीसारखा कधी येत नाही.

इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधी सदस्य असताना हा कायदा झाला, आणि त्याच स्टीफननं लिहिलेला पुरावा कायदा पुढच्याच वर्षी, १८७२ साली आला. आरोपीची चालचलन वाईट आहे हा पुरावा फौजदारी खटल्यात गैरलागू, असं हा पुरावा कायदा सांगत होता. आपल्या न्यायव्यवस्थेतल्या सर्वांत सभ्य नियमांपैकी तो एक आहे. त्याला साजेशी तरतूद प्रक्रिया संहितेतही आली : आधीच्या शिक्षेचा आरोप न्यायाधीशानं नव्या गुन्ह्याचा निकाल लागेपर्यंत वाचूनही दाखवायचा नाही, म्हणजे जुन्या डागाची सावली नव्या पुराव्यावर पडू नये. एक कायदा म्हणत होता, माणूस कसा आहे ते विसरा आणि त्यानं काय केलं ते पाहा. दुसरा म्हणत होता, त्यानं काय केलं ते राहू द्या, तो कोणाच्या पोटी जन्मला ते पाहा. दीडशे वर्षं आपण हे दोन्ही बरोबर घेऊन चाललो आहोत. न्यायालयात पहिला, पोलीस ठाण्यात दुसरा.

मुंबई राज्यानं गुन्हेगार जमाती कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरात गेला. भटके-विमुक्त हा दिवस विमुक्ती दिन म्हणून पाळतात. पण अय्यंगार समितीनं रद्द करण्याची शिफारस करतानाच, जमातींऐवजी व्यक्तींना लागू होईल असा सराईत गुन्हेगारांचा कायदा करावा असंही सुचवलं होतं. त्यानुसार राज्याराज्यांत कायदे झाले, आपल्याकडे मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियम, १९५९. कागदावर हा बदल फार मोठा आहे, कारण सलग पाच वर्षांत किमान तीनदा कैदेची शिक्षा झालेली असेल तरच माणूस सराईत ठरतो. जन्माच्या जागी कृत्य आलं आणि कृत्याला न्यायालयाचा शिक्का लागला. प्रत्यक्षात नोंदवह्या त्याच राहिल्या, ठाणी तीच राहिली आणि रात्रीच्या गस्तीला जीप ज्या वस्तीत शिरत होती तिथेच शिरत राहिली. लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ स्वातंत्र्यानंतर तीन-चार दशकांनी आली. कायदा गेल्यावर काय उरतं, ते कुठल्याही आयोगाच्या अहवालाआधी मराठी वाचकाला या आत्मकथनांनी कळवलं. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं २००८ साली सराईत गुन्हेगारांचे हे कायदेच रद्द करावेत असं सुचवलं. ते अजून पुष्कळ राज्यांत उभे आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातीय वागणुकीबरोबरच ‘सराईत’ या शब्दाच्या मोघम वापरावरही बोट ठेवलं. तुरुंग नियमावल्यांत हा शब्द कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच वाचला जावा, असं सांगितलं.

‘सराईत’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो, हे यावरून दिसतं. एक अर्थ न्यायालयाचा : दोष सिद्ध झालेला, शिक्षा झालेली. दुसरा ठाण्याचा : गुन्हे दाखल असलेला, रेकॉर्डवरचा. बातमीत छापून येतो तो बहुतेक वेळा दुसरा अर्थ. आणि महाराष्ट्रात ज्या कायद्यांचा धाक सर्वांत जास्त आहे, ते याच दुसऱ्या अर्थावर उभे आहेत. १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा घ्या. त्यात ‘चालू असलेलं बेकायदेशीर कृत्य’ सिद्ध करायला मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं दाखल होऊन न्यायालयानं त्यांची दखल घेतलेली असली की पुरतं. त्यांचा निकाल लागलेला असण्याची गरज नाही. १९८१ च्या एमपीडीए या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली माणसाला खटल्याशिवाय वर्षभर स्थानबद्ध ठेवता येतं. तडीपारीचा आदेश दोन वर्षांपर्यंतचा असतो आणि त्यात माणूस घर, काम, हॉस्पिटलमधली आई, सगळ्यांपासून तोडला जातो. ‘चॅप्टर केस’मध्ये, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याच्या कारवाईत, तर माणूस सराईत आहे हे लोकांतल्या त्याच्या ख्यातीवरूनही सिद्ध करता येतं. यातल्या एकालाही कायद्याच्या भाषेत ‘शिक्षा’ म्हणत नाहीत. म्हणूनच ‘वारंवार गुन्हे करणाऱ्यांना वाढीव शिक्षा द्यावी का’ हा आपल्याकडचा वाद नुसती कायद्याची पुस्तकं उघडून कळत नाही. वाढीव शिक्षेचं जुनं कलम, भारतीय दंड संहितेचं ७५ आणि आता न्याय संहितेचं १३, मी माझ्या वकिलीत वापरलेलं फार थोड्या वेळा पाहिलं. तडीपारी आणि स्थानबद्धता मात्र आठवड्याला ऐकतो.

पोलिसांची बाजू मी कमी लेखत नाही. वस्तीतल्या दादाविरुद्ध साक्ष द्यायला कोणी उभं राहत नाही, उभं राहिलं तर फितूर होतं, खटला सात-आठ वर्षं चालतो आणि तोवर तो जामिनावर त्याच गल्लीत फिरत असतो. तिथल्या लोकांना आज संध्याकाळचं संरक्षण हवं असतं. अशा वेळी तडीपारी हे एकच हत्यार हाताशी आहे असं एखाद्या निरीक्षकाला वाटलं, तर तो दुष्ट नसतो. पण जिथे दोष सिद्ध करणं जमत नाही तिथे दाखल गुन्ह्यांची संख्याच दोष म्हणून धरायची, अशी सवय व्यवस्थेला लागली की तिची झळ त्या दादाला सर्वांत कमी लागते. त्याच्याकडे वकील असतो. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जालना जिल्ह्यातला तडीपारीचा एक आदेश रद्द करताना सांगितलं, की हा असाधारण उपाय आहे आणि तो सहजपणे वापरायचा नाही. तिथवर पोचणारे किती थोडे असतात, हे कोर्टात वावरणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

एक गोष्ट या विषयावरच्या चर्चांत जवळजवळ येतच नाही, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. किरकोळ चोरीत पकडलेला, जामीनदार नसलेला माणूस तुरुंगात पडून राहतो. आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन-चतुर्थांश बंदी असे कच्चे कैदी आहेत. सात-आठ महिन्यांनी त्याला कोणीतरी सांगतं, गुन्हा कबूल कर, भोगली तेवढ्यावर सुटशील. तो अर्ज देतो. न्यायाधीश विचारतात, दबावाखाली देतोस का? तो नाही म्हणतो. संध्याकाळी तो घरी असतो. मीही असे अर्ज लिहिले आहेत. अशिलाला घरी जायचं होतं आणि ते मला बरोबर वाटलं. खटला चालला असता तर तो कदाचित निर्दोष सुटला असता. पण त्या संध्याकाळपासून तो कायद्याच्या दृष्टीनं शिक्षा झालेला माणूस आहे, आणि पुढच्या वेळी ‘दुसऱ्यांदा’ हा शब्द त्याला लागू होतो. नव्या संहितेतल्या किमान एक वर्षाच्या तरतुदीमुळे ही कबुली आता पूर्वीपेक्षा महाग झाली आहे. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कधीही दोष सिद्ध न झालेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर सुटता येतं, इतरांना अर्ध्यानंतर, आणि ज्याच्यावर एकाहून जास्त प्रकरणं चालू आहेत त्याला ही सोय नाही. ‘पहिल्यांदा’ असण्याची किंमत इतकी कधीच नव्हती. आणि ती गमावायला गरीब माणसाला एक जामीनदार नसणं पुरतं.

न्यायालयांनी या बाबतीत जी वाट काढली तिचे महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रातून जातात. जन्मठेपेच्या कैद्यानं खून केला तर फाशीच, असं दंड संहितेचं कलम ३०३ म्हणत होतं. १९८३ साली सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठानं ते रद्द केलं. न्यायाधीशाला माणसाकडे पाहायची मुभाच न ठेवणारी शिक्षा घटनेत बसत नाही, हे त्यामागचं सूत्र. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयानं अमली पदार्थांच्या कायद्यातली, दुसऱ्या गुन्ह्याला सक्तीची फाशी ऐच्छिक म्हणून वाचली आणि २०१४ साली संसदेनं कायदाच तसा बदलला. डिसेंबर २०१८ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या एका अत्यंत क्रूर गुन्ह्यातली फाशी सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेपेत बदलली. त्या निकालाची एक बाजू अशी, की आरोपीवर प्रलंबित असलेले इतर खटले हे त्याचा पूर्वेतिहास म्हणून मोजता येणार नाहीत.

शक्ती मिलचं प्रकरण यातलं सर्वांत अवघड. २०१३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये मुंबईतल्या त्या ओसाड गिरणीत दोन सामूहिक बलात्कार झाले. काही आरोपी दोन्ही गुन्ह्यांत होते. त्याच वर्षी दंड संहितेत कलम ३७६ ई आलं होतं : बलात्काराची शिक्षा झालेल्यानं पुन्हा तो गुन्हा केला तर जन्मभर कैद किंवा फाशी. मार्च २०१४ मध्ये दोन्ही खटल्यांचा निकाल लागला आणि त्यातल्या एकातली दोषसिद्धी ‘आधीची’ धरून एप्रिलमध्ये तिघांना फाशी झाली. गुन्हे भयानक होते, त्याबद्दल दुमत नाही. तरीही प्रश्न उरतो : शिक्षा होऊन, बजावलं जाऊन, संधी मिळूनही जो परत फिरला नाही, त्यासाठी असलेलं कलम, अजून एकदाही न्यायालयासमोर न आलेल्याला लावता येईल का? जून २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं कलम वैध ठरवलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली. या दोन निकालांवर या संग्रहात दोन अभ्यासकांनी एकमेकांच्या विरुद्ध लिहिलं आहे, आणि संपादकांनी तो मतभेद मिटवायचा प्रयत्न केलेला नाही.

कडक शिक्षेला पर्याय काय, असं विचारणाऱ्याला मी आटपाडीला जायला सांगतो. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून १९३९ साली तिथे स्वतंत्रपूर वसली. गजाआड न ठेवता कैद्यांना जमीन कसायला देणारी, कुटुंबासह राहू देणारी ही वसाहत. त्याच आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या गदिमांनी तिच्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. आपण चित्रपट लक्षात ठेवला, वसाहत विसरलो. तारखा पाहिल्या तर जाणवतं, की सोलापुरात तारेचं कुंपण उभं होतं, त्याच वर्षांत शेजारच्या संस्थानात कुंपणच नसलेला तुरुंग चालू होता. दोन्ही आपल्याच मातीत सुचलं आणि चाललं.

हा संग्रह कोणा एका बाजूचं वकीलपत्र घेऊन उभा नाही. त्यात निवृत्त पोलीस अधिकारी आहेत, तुरुंगात काम केलेले परिवीक्षा अधिकारी आहेत, गुन्ह्याची झळ सोसलेल्या स्त्रिया आहेत आणि विमुक्त वस्त्यांत वाढलेले कार्यकर्ते आहेत. परदेशी सिद्धांत सांगणारे लेख मुद्दाम थोडे ठेवले आहेत, कारण ते इतरत्र मिळतात. माझं स्वतःचं मत एवढंच, की वाढीव शिक्षा द्यायचीच असेल तर ती न्यायालयानं मोजलेल्या ‘पुन्हा’वर द्यावी, ठाण्यानं मोजलेल्या नाही, आणि पहिल्या व दुसऱ्या वेळेच्या मधल्या काळात राज्यानं त्या माणसासाठी काय केलं तेही त्याच वेळी विचारावं. संग्रहातल्या सगळ्यांना ते मान्य नाही.

आता त्या रकान्याबद्दल. रिमांड अर्जातल्या यादीत ‘निकाल’ हा रकाना नसतो. एका अशिलाच्या यादीत सात गुन्हे होते. जामिनासाठी मी त्यांचे निकाल शोधायला निघालो. तिघांत तो निर्दोष सुटला होता, दोन प्रलंबित होते, एकात त्यानं कबुली देऊन भोगली तेवढी शिक्षा घेतली होती. सातवा, यादीतला चौथा, अठरा वर्षांपूर्वीचा. अभिलेख कक्षातल्या कारकुनांनी सांगितलं, मुदत संपली म्हणून ती फाइल नष्ट केली. त्यांनी माझ्यासाठी जुनं रजिस्टर काढलं, बोटानं ओळी उतरत गेले आणि एका जागी थांबले. फिकट शाईत लिहिलं होतं, निर्दोष मुक्त. प्रमाणित प्रत देता येणार नव्हती, कारण प्रत काढायला फाइलच उरली नव्हती. पुढच्या वर्षी त्याच माणसाला पुन्हा धरलं, तेव्हा अर्जातल्या यादीत तो गुन्हा चौथ्या क्रमांकावरच होता.